फिल्टरला हवा मारू नका

वणी-पांढरकवड्याकडच्या कुठल्याही गॅरेजपुढे चहा घेत थांबलं, की एक मत हमखास ऐकायला मिळतं. "जुन्या जीपचं डिझेल इंजिन म्हणजे इंजिन होतं भाऊ, त्याले काई होत नोतं. आताच्या गाड्यायत काई दम नाई राह्यला." हे बोलता बोलता माणूस आपल्या फोर बाय फोरचा एअर फिल्टर काढतो, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी त्यावर धरतो, फुस्स करून धुळीचा ढग उडवतो आणि फिल्टर परत जागेवर बसवतो. गाडीची सेवा झाली. त्या मतावर वाद घालता येईल, पण मला खरी धास्ती वाटते ती या फुस्सची.

मताचं आधी उरकतो. जुनी इंजिनं टिकली हे खरं, पण जी टिकली तीच आज रस्त्यावर दिसतात. बाकीची केव्हाच भंगारात गेली, त्यांची आठवण कोण काढतो? शिवाय महिंद्राच्या कमांडर-मार्शल जीपच्या जमान्यातलं अडीच लिटरचं इंजिन पन्नास-साठ हॉर्सपॉवर द्यायचं. २०२० साली आलेल्या नव्या थारचं २.२ लिटरचं डिझेल इंजिन १३० देतं. लहान अंगावर दुप्पट काम म्हटलं की चुकीला माफी कमी. आणि त्या जुन्या गाड्यांचं 'हाफ इंजिन काम', म्हणजे रिंगा-बेअरिंग बदलण्याचं काम, किती वेळा निघायचं, हे चालवणाऱ्याला विचारण्यापेक्षा त्या वेळच्या मेकॅनिकला विचारावं.

(ताडोब्यात वाघ बघायला आपण ज्या जिप्सीत बसतो, ती पेट्रोलची. तिचा विषय इथे नाही.)

आता मुद्दा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा सोळा-अठरा पट दाबतो, हवा काही शे अंश सेल्सियस तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. पेटल्यावर सिलिंडरमधला दाब १०० बारच्या पुढे सहज जातो (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेएवढा दाब). ९ सेंटिमीटर व्यासाचा पिस्टन धरला, तर १०० बार दाबाला त्याच्या डोक्यावर साडेसहा टनांच्या आसपास भार येतो. २००० आरपीएमला एका सिलिंडरमध्ये हा हातोडा मिनिटाला १००० वेळा पडतो. तो सगळा भार पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडमधून क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्यानं फिरणाऱ्या आसेच्या, बेअरिंगवर उतरतो. असं असूनही लाखो किलोमीटर क्रँकचं पोलाद बेअरिंगच्या धातूला जवळजवळ टेकत नाही. मध्ये ऑइलचा थर असतो, तोही जिथे सगळ्यांत पातळ तिथे काही मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

इतका पातळ थर टनांचा भार कसा पेलतो? "ऑइल पंपाच्या प्रेशरनं" हे उत्तर बहुतेक जण देतात आणि ते चूक आहे. पंपाचा दाब चार-पाच बार. त्यानं ऑइल बेअरिंगपर्यंत पोहोचतं, एवढंच. भार उचलणारा दाब बेअरिंगच्या आत, फिरण्यातूनच तयार होतो.

हे कळलं ते योगायोगानं. इंग्लंडमध्ये १८८३ च्या सुमारास बोशँप टॉवर नावाचा इंजिनियर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. वरून ऑइल सोडायला त्यानं बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. आस फिरायला लागल्यावर ऑइल आत जायचं सोडून त्याच भोकातून वर येऊ लागलं. त्यानं बूच मारलं, ते उडालं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी तिथे प्रेशर गेज लावलं, तर प्रति चौरस इंच २०० पौंडांपर्यंतचा त्याचा काटा पार शेवटाला गेला. फिरणारी आस स्वतःच ऑइल ओढून दाब तयार करत होती. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं त्याचं गणित मांडलं. बेअरिंगचे आजचे डिझायनर अजूनही त्याच्याच समीकरणापासून सुरुवात करतात.

गणित सोडून देऊ, पण चित्र डोळ्यांपुढे आणा. क्रँकची आस बेअरिंगच्या भोकापेक्षा किंचित लहान असते. भार आला की ती एका बाजूला सरकते. म्हणजे दोघांमधली फट एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला चिंचोळी होते, फिरण्याच्या दिशेनं निमुळती होत जाणारी पाचरच ती. ऑइल आसेला चिकटतं आणि तिच्याबरोबर या पाचरीत ओढलं जातं. पुढे जागा कमी, मागून ऑइल येतच असतं, आणि ते दाबून लहान होत नाही. मग दाब वाढतो, थेट भार तोलला जाईपर्यंत. आस तरंगते. थर किती जाड राहील हे तीन गोष्टी ठरवतात: ऑइलचा घट्टपणा, फिरण्याचा वेग आणि भार. घट्टपणा गुणिले वेग भागिले भार, हा आकडा मोठा तर थर जाड. हा आकडा एका मर्यादेखाली गेला की धातू धातूला घासू लागतो आणि घर्षण एकदम चढतं. ते वळण १९०२ मध्ये रिशार्ड श्ट्रिबेकनं मोजून दाखवलं.

पिस्टनच्या रिंगा आणि लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, यांच्यातही असाच थर असतो, पण एक अडचण आहे. सर्वांत वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबतो. वेग शून्य, म्हणजे तरंगणंही शून्य. आणि नेमका त्याच सुमारास जाळाचा दाब सर्वांत जास्त. म्हणून लायनर सगळीकडे सारखा झिजत नाही, वरच्या टोकाशी जास्त झिजतो. हेड उतरवल्यावर मेकॅनिक लायनरच्या काठाखाली नख फिरवतो ते यासाठीच. नख जिथे अडकतं त्याच्या वरचा भाग रिंगेनं कधी गाठलेलाच नसतो, तो मूळ मापाचा असतो. खालचा खाल्लेला. नख चांगलंच अडकलं, की मालकाला काय सांगायचं ते मेकॅनिकला कळलेलं असतं.

आता या काही मायक्रॉनच्या थरात धूळ घाला. एक मायक्रॉनचा कण थराबरोबर वाहून जातो. पन्नास मायक्रॉनचा कण त्या फटीत शिरतच नाही. घात करतो तो मधला, ढोबळमानानं ५ ते २० मायक्रॉनचा. थराएवढाच किंवा थोडा मोठा. तो दोन्ही पृष्ठभागांना एकदम टेकतो आणि ओरखडा काढतो. बेअरिंगला मुद्दाम मऊ धातूचा मुलामा असतो, कण त्यात रुतून बसावा म्हणून. बसतोही, पण अर्धा बाहेर राहिला तर तोच क्रँकला खरवडत राहतो.

कण किती कठीण हेही बघावं लागतं, आणि इथे विदर्भाचा भूगोल आडवा येतो. अकोला, अमरावती, यवतमाळकडची काळी माती ही बेसाल्टची झीज. तिच्यातली चिकणमाती दोन मायक्रॉनहून बारीक आणि मऊ, इंजिनाच्या दृष्टीनं त्यातल्या त्यात सभ्य. पण आपण गाडी मातीवर कमी आणि गिट्टी-मुरमावर जास्त चालवतो. गिट्टीतली फेल्डस्पार-पायरॉक्सीन ही खनिजं मोहच्या, म्हणजे कठीणपणाच्या १ ते १० च्या, मापावर सहाच्या आसपास. बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या गारगोट्या नि अकीक सातच्या घरात. लायनरचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, पाचपर्यंतही धड जात नाही. पूर्वेला भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे खडक जुना, ग्रॅनाइट आणि नाइसचा, म्हणजे धुळीत क्वार्ट्झ भरपूर, तेही सात. त्यामुळे एटापल्लीची धूळ आणि दर्यापूरची धूळ इंजिनाला सारखी नाही, डोळ्यांना कितीही सारखी दिसो.

किती धूळ आत जाते? अडीच लिटरचं इंजिन २००० आरपीएमला, टर्बो नाही असं धरूनही, मिनिटाला अडीच हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं. तासाला १५० घनमीटर. समोरच्या ट्रकमागे अगदी काही दिसेनासं होतं, तेव्हा घनमीटरमागे जवळपास एक ग्रॅम धूळ हवेत असते. अशा धुळीत सलग तास काढला तर फिल्टरपर्यंत दीडशे ग्रॅमपर्यंत धूळ येते, मूठभर. फिल्टरनं ९९.९ टक्के अडवली, तर आत जाते ०.१५ ग्रॅम. ९९ टक्के अडवली, तर दीड ग्रॅम. ऐकायला एक टक्क्याहून कमी फरक, इंजिनासाठी दहापट.

आणि आता तो फुस्स. लोक फिल्टरला चाळणी समजतात: भोकं बुजली, हवा मारून मोकळी केली. पण कागदी फिल्टरची भोकं तो अडवत असलेल्या कणांपेक्षा बरीच मोठी असतात. हवा धाग्यांमधून वळणं घेत जाते, जड कणाला ते वळण घेता येत नाही, तो सरळ जाऊन धाग्यावर आदळतो आणि चिकटतो. फार बारीक कण हवेतल्या रेणूंचे धक्के खात भरकटतो आणि तोही कुठेतरी धाग्याला लागतो. अडकलेल्या कणांवर पुढचे कण अडकतात. काही दिवसांत धुळीचाच एक थर तयार होतो, आणि तो थर कागदापेक्षा चांगलं गाळतो. म्हणजे नवा कोरा फिल्टर त्याच्या उभ्या आयुष्यात सर्वांत जास्त धूळ पहिल्या काही दिवसांत सोडतो. थोडा मळलेला फिल्टर नव्यापेक्षा चांगला.

कॉम्प्रेसरनं हवा मारली की कमावलेला हा थर जातो. पंक्चरच्या दुकानात शंभर-सव्वाशे पौंडांचा दाब असतो. तेवढ्या दाबानं नळी जवळ धरली तर कागद फाटतो, आणि ती बारीक चीर उजेडापुढे धरल्याशिवाय दिसतही नाही. बाहेरून आत मारली, तर धूळ स्वच्छ बाजूला जाऊन बसते आणि स्टार्टर मारल्या मारल्या सरळ सिलिंडरमध्ये. काही ट्रॅक्टरांच्या पुस्तकात हवा मारायची परवानगी असते, पण आतून बाहेर आणि तीसेक पौंडांच्या आतच. आतल्या सेफ्टी फिल्टरला तर हातच लावायचा नाही, तो बदलायचा. गच्च बुजलेला फिल्टर ठेवू नये हे खरंच. हवा कमी पडली की काळा धूर येतो आणि पिकअप जातो. पण गच्च होण्याआधी दर आठवड्याला तो 'साफ' करणं म्हणजे इंजिनाला दर आठवड्याला नव्या फिल्टरचे ते पहिले वाईट दिवस दाखवणं. नवी गाडी घेतली की टायरखाली लिंबू फोडतो, त्यानं नुकसान काही नाही. डिझेलच्या पाइपवर बसवायचं चुंबक हजार-दोन हजारांना विकणाऱ्याला मात्र उभं करू नये. डिझेलवर त्या चुंबकाचा काडीचा परिणाम होत नाही. तेवढ्या पैशांत बहुतेक गाड्यांचा अस्सल फिल्टर येतो.

दुसरी समजूत फोर बाय फोरची. "लो लावलं की इंजिनावर ताण येते" म्हणून मेळघाटात सेमाडोहच्या पुढे किंवा पावसाळ्यात पांदण रस्त्यात लोक हाय रेंजमध्येच (हाय म्हणजे रोजची वेगाची गिअरजोडी, लो म्हणजे हळू पण जास्त ओढीची) दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर गाडी रडवत नेतात. वर सूत्र दिलं आहे: वेग कमी आणि भार जास्त, म्हणजे थर सर्वांत पातळ. लो रेंजमध्ये चाकाला तीच ताकद द्यायला इंजिनाला सुमारे अडीचपट कमी जोर लावावा लागतो आणि ते फिरतंही वेगानं. आवाज मोठा येतो, म्हणून माणूस घाबरतो. बेअरिंग मात्र तरंगत असतं. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावू नये हे बरोबर, पण त्याचं कारण ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा डबा) आणि अॅक्सलमध्ये आहे, इंजिनात नाही.

प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या बीएस-६ गाड्यांना, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या, याच थराचा आणखी एक शत्रू आहे. धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ ठरावीक काळानं स्वतःला तापवून काजळी जाळतो, त्यासाठी ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. बऱ्याच गाड्या त्यासाठी सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतात. हायवेला अर्धा तास सलग गाडी पळाली तर काम उरकतं. घर ते वावर, वावर ते घर, वीसच्या स्पीडनं, असं चाललं तर अर्ध्यात गाडी बंद होते, पुन्हा सुरू होते, पुन्हा अर्ध्यात बंद. ते जादा डिझेल लायनरवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. ऑइल मोजायच्या पट्टीवर, म्हणजे गेजवर, ऑइल वाढलेलं दिसतं आणि मालक खूश, गाडी ऑइल खात नाही म्हणून. डिझेल मिसळलेलं ऑइल पातळ, घट्टपणा गेला की थर गेला. गेजवर पातळी चढत असेल तर ऑइल बदलायचं आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी मोठ्या रस्त्यावर मोकळी सोडायची.

कॅनमधलं डिझेल, त्यात उतरलेलं पाणी, रॉकेलची भेसळ हे वेगळं प्रकरण. ते नोजल आणि पंपाला मारतं. तिथल्या फटी बेअरिंगहूनही बारीक.

घरी करण्यासारखी तपासणी एकच सांगतो. बोनेट उघडून फिल्टरच्या डब्यापासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप काढा. पांढरं सुती फडकं बोटाला गुंडाळून पाइपच्या आतून, म्हणजे स्वच्छ बाजूनं फिरवा. किंचित तेलकट डाग चालेल. कोरडी, बोटांवर करकरणारी धूळ आली, तर फिल्टर कितीही महागाचा असो, हवा त्याला वळसा घालून आत जाते आहे. आधी पाइपच्या क्लिपा बघा. गॅरेजमध्ये घाईत काढलेली क्लिप नीट आवळलेली नसणं हे सर्वांत जास्त वेळा निघतं. मग कोपऱ्यावरच्या घडीत रबर तडकलंय का बघा, पाइप वाकवून, कारण सरळ असताना तड दिसत नाही. शेवटी फिल्टरच्या कडेचं रबर. क्लिप पन्नास रुपयांत येते, आणि ती बदलायला स्क्रू ड्रायव्हर पुरतो.