ओकच्या पिंपात वाइन मुरवणे

आंबून तयार झालेली वाइन ओक लाकडाच्या पिंपात काही महिने ते काही वर्षे ठेवून तिची चव, वास आणि तुरटपणा घडवण्याची पद्धत. गॉल (आजच्या फ्रान्सच्या भागातल्या प्राचीन) लोकांची लाकडी पिंपे रोमनांनी उचलली ती माल वाहून नेण्याच्या सोयीसाठी. आतली वाइन सुधारते हे मागाहून लक्षात आले.

पांढऱ्या ओकच्या लाकडातल्या वाहिन्या आपोआप बुजलेल्या असतात, म्हणून फळ्या गळत नाहीत, तरी हवा अगदी थोडी झिरपते. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात. इथे दादऱ्याचे काम लाकूडच करते. फळ्या दोन-तीन वर्षे उन्हापावसात रचून ठेवतात, मग पिंप बांधताना ते आतून विस्तवावर शेकतात. खरी करामत या शेकण्यात आहे. बेताच्या शेकाने व्हॅनिलाचा वास येतो, फार शेकले तर धुरकट. ओकमधून उतरणारे युजेनॉल हे द्रव्य लवंगेतही असते, त्यामुळे खानदेशी काळा मसाला कुटणाऱ्या घरात हा वास कुणाला नवखा वाटणार नाही.

फ्रान्समधल्या बोर्दो या वाइनच्या प्रदेशातले प्रचलित पिंप २२५ लिटरचे असते. आतली वाइन लाकडातून सतत उडत राहते. बूच काढून ती तूट वेळोवेळी भरावी लागते. पोकळी राहिली तर हवेतले जिवाणू वाइनचा शिरका करून टाकतात. नवे पिंप तीन-चार वेळा वापरले की त्याची चव संपते, पुढे ते निव्वळ भांडे. खर्च टाळायचा असेल तर स्टीलच्या टाकीत ओकचे तुकडे सोडतात. वास येतो, पण पिंपातला संथ श्वास त्यात नाही.

खानदेशात या पद्धतीला हवामानच आडवे येते. पिंपांच्या तळघरात साधारण १२ ते १५ अंश तापमान लागते. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. कोरड्या हवेत पाणी मद्यार्कापेक्षा लवकर उडते, म्हणजे तूटही वाढते आणि वाइनही कडक होते. गारवा यंत्राने राखायचा तर विजेचे बिल आले. सातपुड्यात सागवान आहे, ओक नाही. महाराष्ट्रातला वाइनचा धंदा मुख्यतः शेजारच्या नाशिक जिल्ह्यात वाढला. खानदेशची ओळख केळी आणि कापसाची राहिली.

खानदेशातल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुवा भागातल्या भिल्ल आणि पावरा समाजाचे पेय वेगळेच, मोहाचे. रात्री गळलेली फुले पहाटे वेचायची, वाळवायची, भिजवून आंबवायची आणि ऊर्ध्वपातनाने दारू उतरवायची. ती लाकडात मुरवत नाहीत. सणाला, लग्नाला आधी देवापुढे धार पडते, मग ताजीच वाटली जाते.