एएनए रिपोर्टमधला १:८० आला कुठून?

१९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्हज आणि सहकाऱ्यांना ल्युपसच्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजाराच्या) रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक वेगळीच पेशी दिसली. एका पांढऱ्या पेशीने दुसरीचे केंद्रक गिळले होते. ही ‘एलई सेल’. रक्तातली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) केंद्रकाला चिकटतात म्हणून हे घडते, असे पुढे उलगडले. केंद्रकाविरुद्धची ही प्रतिपिंडे म्हणजेच एएनए (अँटीन्यूक्लिअर अँटिबॉडी).

पण ही तपासणी किचकट होती आणि बरेच रुग्ण तिच्यातून निसटत. १९५७ च्या सुमारास फ्लुरोसन्स पद्धत आली. पेशींवर रुग्णाचे सीरम घालायचे, धुवायचे, मग मानवी प्रतिपिंडांना पकडणारे चमकते रसायन घालायचे. सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रके हिरवी चमकली की एएनए पॉझिटिव्ह. आधी उंदरांच्या अवयवांचे काप वापरत; नंतर ‘हेप-२’ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी आल्या. त्यांची केंद्रके मोठी, विभाजनाच्या अवस्थेतल्या पेशीही भरपूर, त्यामुळे चमकेच्या ठेवणी म्हणजे पॅटर्न, उदाहरणार्थ गुणसूत्रावरच्या सेंट्रोमिअर या भागाचा, स्पष्ट दिसू लागले. तपासणी फार संवेदनशील झाली, आणि आजच्या घबराटीचे मूळ इथेच आहे: धडधाकट माणसेही मोठ्या संख्येने पॉझिटिव्ह येऊ लागली.

१९९७ मध्ये एंग टॅन यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ते मोजले. निरोगी लोकांपैकी १:४० ला सुमारे ३२ टक्के, १:८० ला १३, १:१६० ला ५ आणि १:३२० ला ३ टक्के पॉझिटिव्ह आले. १:८० म्हणजे सीरम ८० पट पातळ करूनही चमक दिसली. पुढची प्रत्येक पायरी दुप्पट असते, म्हणून एका लॅबमध्ये १:८० आणि दुसरीत १:१६० आले तर आजार बळावला असे मुळीच समजू नये. ल्युपस ठरवण्याच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांतही १:८० हा फक्त प्रवेशाचा उंबरठा आहे. ल्युपस म्हणायला त्यापुढे किमान १० गुण लागतात, आणि त्यांत निदान एक तरी प्रत्यक्ष लक्षण हवेच.

रिपोर्टवर पद्धत आधी पाहावी. आयएफए (वरची फ्लुरोसन्स पद्धत) असेल तर टायटर, म्हणजे १:८० सारखे प्रमाण, आणि पॅटर्न मिळतो. एलायझा या दुसऱ्या, सूक्ष्मदर्शकाविना होणाऱ्या पद्धतीत फक्त एक आकडा येतो, आणि त्याची टायटरशी तुलना होत नाही. ‘डेन्स फाइन स्पेकल्ड’ पॅटर्न एकटाच असेल तर तो बहुधा निरोगी लोकांत दिसतो. क्षयरोगावरच्या आयसोनियाझिडनेही एएनए पॉझिटिव्ह येऊ शकतो, म्हणून चालू औषधे डॉक्टरांना सांगावीत.

एएनए पॉझिटिव्ह आल्यावर नेमके कोणते प्रतिपिंड आहे हे पाहणाऱ्या तपासण्यांतली एसएम, आरओ, एलए, जेओ-१ ही नावे मूळ रुग्णांच्या नावांतल्या अक्षरांवरून पडली. एसएम थोड्याच ल्युपस रुग्णांत सापडतो, पण सापडला तर त्याचे वजन मोठे. जेओ-१ चे लक्ष्य पेशीद्रवात असते, त्यामुळे एएनए निगेटिव्ह असूनही तो असू शकतो. स्नायू अशक्त होत असतील तर तो वेगळा मागवावा लागतो. लक्षणे नसताना मात्र आधीच अशा सगळ्या प्रतिपिंडांचे संपूर्ण ‘प्रोफाइल’ करून घेणे म्हणजे खर्च आणि नुसती धास्ती.

निदान झाल्यावर एएनए पुन्हा पुन्हा करण्यात अर्थ नाही. ल्युपसचा चढउतार डीएस-डीएनए (डीएनएविरुद्धची प्रतिपिंडे), सी३, सी४ (रक्तातली प्रतिकारशक्तीची प्रथिने) आणि लघवीतल्या प्रथिनांवरून पाहतात.