बिनतारी स्मार्ट उपकरणे निवडताना आणि जोडताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक मोबाईलवर एखाद्या उपकरणाचे छायाचित्र दाखवून ‘हे आमच्याकडे बसवून द्या’ असे सांगतात. उपकरण बहुधा चांगलेच असते. परंतु ते घरातील बोर्डात मावेल का, राऊटरशी त्याची जोडणी होईल का आणि आधीच घेतलेल्या वस्तूंशी त्याचे जुळेल का, हे प्रश्न पैसे भरून झाल्यावर निघतात. ते खरेदीपूर्वीच सुटावेत यासाठी हे माहितीपत्रक काढले आहे. आमचा अनुभव असा की, उपकरणापासून सुरुवात करणाऱ्याचा खर्च दोनदा होतो आणि बोर्डापासून सुरुवात करणाऱ्याचा एकदाच.

बोर्डात न्यूट्रल आहे का?

बटणाच्या मागे बसणाऱ्या स्मार्ट मोड्यूलला स्वतः चालू राहण्यासाठीही वीज लागते, म्हणून त्याला फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी) अशा दोन्ही वायर हव्या असतात. आपल्याकडील वायरिंगमध्ये बटणापर्यंत केवळ फेज येते आणि तेथून ती दिव्याकडे जाते, तर न्यूट्रल परस्पर छतातून दिव्याला मिळते. ज्या बोर्डावर पिन लावण्याचे सॉकेट आहे तेथे न्यूट्रल असतेच, कारण तिच्याशिवाय सॉकेट चालत नाही. त्यामुळे दिवाणखान्यातील मोठ्या बोर्डात सहसा अडचण येत नाही. अडचण येते ती जिन्यातील, बाथरूमबाहेरील किंवा देवघरातील एकट्या बटणापाशी.

न्यूट्रलशिवाय चालणारी मोड्यूल बाजारात मिळतात. ती दिव्यातूनच थोडासा प्रवाह सतत वाहू देऊन स्वतःला जागे ठेवतात. जुन्या साठ वॅटच्या बल्बला हा प्रवाह जाणवत नसे, पण पाच-सात वॅटचा एलईडी दिवा त्यावर रात्रभर मंद तेवत राहतो किंवा लुकलुकतो. दिव्याला समांतर एक लहान कपॅसिटर लावून हा दोष बहुधा जातो. तरीही भिंतीतील पाईपमध्ये जागा असेल, तर शेजारच्या बोर्डातून न्यूट्रल ओढून घेणे हाच उपाय आम्ही सुचवितो. वायरमनचे अर्ध्या दिवसाचे काम वाढते, पण पुढची कटकट टळते. बटणे ज्या पेटीत बसतात ती किती खोल आहे, हेही मोजून घ्यावे. जुन्या घरांतील लाकडी बोर्डांत भरपूर पोकळी असते आणि नव्या इमारतींतील दोन बटणांच्या मापाच्या लोखंडी पेटीत बोटही शिरत नाही, असा उलटा प्रकार आम्ही नेहमी पाहतो. शिवाय भिंतीत गाडलेली लोखंडी पेटी बाकीच्या बाजूंनी मोड्यूलच्या बिनतारी लहरी अडविते आणि केवळ समोरच्या प्लास्टिकच्या पट्टीतून त्या बाहेर पडतात.

भार मोजल्याशिवाय प्लग घेऊ नये. दोन हजार वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर, तर तीन हजार वॅटचा सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो. दहा अँपिअरचा स्मार्ट प्लग पहिल्याला कसाबसा पुरतो आणि दुसऱ्यावर वितळतो. गिझरसाठी आम्ही १६ अँपिअरचेच उपकरण देतो. पाण्याच्या मोटारीचे गणित याहून वेगळे आहे. एक अश्वशक्तीची मोटार म्हणजे ७४६ वॅट, एवढेच पाहून प्लग निवडला जातो, पण सुरू होण्याच्या क्षणी ती चालू प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि त्या झटक्याने प्लगमधील रिलेचे, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या स्विचचे, संपर्क एकमेकांना चिकटतात. मग मोबाईलवर ‘बंद’ दिसते, टाकी मात्र वाहत राहते. मोटारीसाठी वेगळा कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह पेलणारा स्विच) बसवावा आणि स्मार्ट रिलेने फक्त त्या कॉन्टॅक्टरला आज्ञा द्यावी.

छताच्या पंख्याला दिव्यासाठीचा डिमर (उजेड कमी-जास्त करणारे उपकरण) लावू नये, पंखा गुणगुणू लागतो. कपॅसिटरवर चालणारे, वेगाच्या ठरावीक पायऱ्या असलेले पंखा-मोड्यूल वेगळे मिळते, ते घ्यावे. आपला पंखा बीएलडीसी (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या, कमी वीज घेणाऱ्या मोटारीचा) असेल, तर त्याला सहसा बाहेरचा रेग्युलेटर चालत नाही. त्याचा वेग त्याच्या रिमोटच्या मार्गानेच बदलावा लागतो.

स्मार्ट बल्ब की स्मार्ट बटण?

या बाबतीत आमचे मत एकतर्फी आहे, हे आधीच सांगतो. चार माणसांच्या घरात स्मार्ट बल्ब टिकत नाही, म्हणजे बल्ब टिकतो, पण त्याचा स्मार्टपणा टिकत नाही. आजी झोपण्यापूर्वी सवयीने भिंतीवरचे बटण बंद करतात आणि त्या क्षणी बल्बची वीजच तुटते, मग मोबाईलवरून कितीही आज्ञा दिली तरी तो ऐकणार कसा? काही घरांत आम्ही बटणावर चिकटपट्टी लावलेली पाहिली आहे. भिंतीवरचे बटण नेहमीसारखे चालले पाहिजे आणि मोबाईल, आवाज किंवा वेळापत्रक ही त्यावर मिळालेली भर असली पाहिजे. म्हणून बटणामागे मोड्यूल बसवावे. दिव्याचा रंग बदलायची हौस असेल, तर एखाद्या टेबललॅम्पमध्ये स्मार्ट बल्ब जरूर लावावा.

कोणते उपकरण कोणती भाषा बोलते

वाय-फायवर चालणारी उपकरणे स्वस्त असतात आणि त्यांना वेगळा हब (सर्व उपकरणांना जोडणारा नियंत्रक) लागत नाही. पाच-सात उपकरणांपर्यंत हाच मार्ग सोयीचा आहे. मात्र प्रत्येक बटण राऊटरवर एक जागा अडविते. इंटरनेट पुरविणाऱ्याने दिलेला साधा राऊटर घरातील सर्वांचे मोबाईल, टीव्ही आणि वीस-पंचवीस बटणे यांचा भार एकाच वेळी नीट पेलेलच असे नाही. मग एखादे बटण अधूनमधून ‘ऑफलाइन’ दिसू लागते आणि दोष उपकरणाला लागतो.

झिगबी ही कमी विजेवर चालणारी पद्धत आहे. तिच्यासाठी हब घ्यावा लागतो, पण त्याबदल्यात उपकरणांचे एक जाळे तयार होते. थेट विजेवर चालणारे प्रत्येक उपकरण दुसऱ्याचा निरोप पुढे पोहोचविते, तर बॅटरीवर चालणारे सेन्सर केवळ आपला निरोप देऊन झोपी जातात आणि म्हणूनच त्यांची बॅटरी दीर्घकाळ पुरते. एका बंगल्यात मागच्या दारावरचा सेन्सर रोज रात्री गायब होई आणि सकाळी परत येई. दोन फेऱ्यांनंतर उलगडा झाला. मधल्या खोलीतील स्मार्ट प्लग हा त्या सेन्सरचा निरोप्या होता आणि घरातील मुलगा रात्री तोच प्लग उपटून तेथे मोबाईल चार्जिंगला लावत असे. जाळ्यातील मधला दुवा काढू नये, हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे.

झेड-वेव्ह या पद्धतीत लहरींची वारंवारता देशागणिक बदलते. भारतात ती ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास, युरोपात ८६८ च्या आसपास आणि अमेरिकेत ९०८ च्या आसपास आहे. परदेशातील मुलाने किंवा जावयाने प्रेमाने आणलेले अमेरिकी झेड-वेव्ह उपकरण येथील हबशी बोलूच शकत नाही. झिगबी आणि वाय-फाय यांची २.४ गिगाहर्ट्झची लहर दोन्हीकडे सारखीच असते, परंतु तेथील वीज १२० व्होल्टची असल्यामुळे फक्त त्या दाबासाठी बनविलेला प्लग किंवा बटण आपल्या २३० व्होल्टवर जळेल. भेट आणायचीच असेल, तर बॅटरीवर चालणारा झिगबी सेन्सर आणावा, असे कळविण्यास हरकत नाही. येथे खरेदी करतानाही विजेच्या वस्तूंवर भारतीय मानक चिन्ह आणि बिनतारी वस्तूंना दूरसंचार विभागाची ईटीए मान्यता आहे का, हे पाहून घ्यावे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मॅटर’ या नावाचे सामाईक मानक आले. मॅटर म्हणजे नवी लहर नव्हे. वाय-फाय किंवा थ्रेड (झिगबीसारखीच कमी विजेवर चालणारी जाळ्याची पद्धत) यांवरून बोलली जाणारी ती एक समान भाषा आहे. ॲमेझॉन, गुगल, ॲपल आणि सॅमसंग यांच्या प्रणाली ती समजतात. एकच मॅटर उपकरण एकाच वेळी दोन नियंत्रकांना जोडता येते, त्यामुळे सासऱ्यांचा अँड्रॉईड आणि सुनेचा आयफोन यांपैकी कोणालाही माघार घ्यावी लागत नाही. थ्रेडवर चालणारे मॅटर उपकरण घेतले, तर घरात थ्रेडचा बॉर्डर राऊटर (थ्रेडचे जाळे घरच्या नेटवर्कशी जोडणारे उपकरण) असावा लागतो. काही स्मार्ट स्पीकरमध्ये तो आतच असतो, काहींत नसतो, म्हणून आपल्या स्पीकरचे नेमके मॉडेल आम्हांला कळवावे. आपल्याकडे आधीपासून झिगबीची उपकरणे असतील, तर ती टाकून देण्याचे कारण नाही. अनेक हब ती उपकरणे मॅटरच्या भाषेत पुढे मांडतात.

नियंत्रक म्हणजेच हब

हब विकत घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : इंटरनेट बंद असताना हा चालतो का? काही प्रणालींत आपण हॉलमधून दिलेली आज्ञा आधी दूरच्या सर्व्हरवर जाते आणि तेथून परत येऊन हॉलमधलाच दिवा लागतो. फायबर तुटली की सारे थांबते आणि ती सेवा कंपनीने बंद केली, तर कायमचे थांबते. घरातल्या घरात निर्णय घेणारा हब थोडा महाग पडतो, तरी आम्ही तोच सुचवितो. ज्यांना स्वतः खटपट करण्याची आवड आहे, त्यांच्यासाठी होम असिस्टंट हे मुक्त सॉफ्टवेअर उत्तम आहे आणि ते रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावरही चालते. ज्यांना आवड नाही त्यांच्या गळ्यात आम्ही ते बांधत नाही.

हब घराच्या मध्यभागी आणि राऊटरपासून किमान एक-दोन मीटर दूर ठेवावा. टीव्हीमागे, लोखंडी कपाटावर किंवा फ्रीजच्या आड तो ठेवू नये. झिगबी आणि वाय-फाय एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वावरतात, म्हणून त्यांच्या वाहिन्या (त्या पट्ट्याचे क्रमांक दिलेले भाग) एकमेकींवर येणार नाहीत असे पाहावे लागते. राऊटर १, ६ किंवा ११ या वाहिनीवर असल्यास झिगबीच्या १५, २० आणि २५ या वाहिन्या त्यांच्या मधल्या किंवा पुढच्या मोकळ्या जागेत येतात. संगणकाला लावायचा झिगबी डोंगल (पेनड्राइव्हसारखी छोटी बिनतारी जोडणी) यूएसबी ३.० च्या खोबणीत थेट लावू नये, कारण तेथील गोंगाट याच पट्ट्यात पसरतो. मीटरभर लांबीची यूएसबी वायर मध्ये घातली की पल्ला एकदम सुधारतो. इतका स्वस्त उपाय या धंद्यात दुसरा नाही.

जोडणी करताना

आधी हब, मग थेट विजेवर चालणारी उपकरणे आणि शेवटी बॅटरीवरचे सेन्सर, हा क्रम पाळावा. टेबलावर बसून सगळे एकदम जोडण्याचा मोह होतो, पण प्रत्येक उपकरण शक्यतो त्याच्या कायमच्या जागी नेऊनच जोडावे. त्यामुळे त्याला जवळचा निरोप्या सापडतो. बहुतेक वाय-फाय बटणे आणि प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झच ओळखतात. राऊटरने दोन्ही पट्टे एकाच नावाखाली ठेवले असल्यास जोडणी अडते, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन ५ गिगाहर्ट्झचा पट्टा थोड्या वेळासाठी बंद करावा. जोडणीच्या वेळी मोबाईलचे ब्लूटूथ आणि लोकेशन चालू असावे.

मॅटर उपकरणावर एक क्यूआर कोड आणि अकरा अंकी क्रमांक छापलेला असतो. मोड्यूल बोर्डामागे गेले, वर पट्टी बसली आणि भिंतीला रंग लागला की तो क्रमांक पाहण्यासाठी पुन्हा सारे उकलावे लागते. म्हणून आमचा कारागीर मोड्यूल बसविण्यापूर्वी त्या क्रमांकाचे छायाचित्र काढतो, त्यावर ‘स्वयंपाकघर, डावे बटण’ असे लिहितो आणि ती छायाचित्रे आपल्याला पाठवितो. ती जपून ठेवावीत. बोर्डाला हात लावण्यापूर्वी एमसीबी (वीज तोडणारा सुरक्षा-स्विच) खाली करून टेस्टरने तपासावे आणि हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

वीज गेल्यावर काय होते, हे पहिल्याच दिवशी तपासावे. वीज परत आल्यावर उपकरण बंद राहावे, चालू व्हावे की पूर्वीच्या स्थितीत जावे, याची निवड सेटिंगमध्ये असते. दिव्यांना पूर्वीची स्थिती आणि गिझर व मोटार यांना ‘बंद’, अशी आमची पद्धत आहे. कुटुंब गावाला गेलेले असताना पहाटे आलेल्या विजेबरोबर गिझर सुरू होऊन दोन दिवस तापत राहू नये. राऊटर आणि हब मात्र इन्व्हर्टरवर घ्यावेत.

सेन्सरविषयी काही सूचना

हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर शरीराची उष्णता आणि सभोवतालची उष्णता यांतील फरक पाहतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात भिंतच अंगाइतकी तापते आणि त्याला माणूस नीट दिसत नाही. त्याऐवजी रडारचा सेन्सर घेतला, तर तो फिरत्या पंख्यालाही माणूस समजू शकतो, म्हणून त्याची दिशा व पल्ला ठरवून घ्यावा लागतो. दाराचा सेन्सर लोखंडी सेफ्टी डोअरवर न लावता आतील लाकडी दारावर लावावा.

गॅसचा सेन्सर कोठे लावायचा हे गॅसवर अवलंबून आहे. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, म्हणून सेन्सर जमिनीपासून सुमारे एक फुटावर लावावा. पाईपने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने वर जातो, त्याचा सेन्सर छताजवळ हवा. सिलिंडर काढून पाईपलाईन घेतलेल्या घरांत सेन्सर अजूनही ओट्याखाली लुकलुकताना आम्ही पाहिला आहे. जोडणी बदलल्यास आम्हांला फोन करावा, जागा बदलून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही.

पासवर्ड व गोपनीयता

राऊटरचा आणि कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. स्मार्ट उपकरणे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर ठेवणे सुरक्षित असते, मात्र त्यामुळे मोबाईलची त्यांच्याशी थेट गाठ पडत नाही आणि काही ॲप अडतात, हे ध्यानात ठेवावे. सर्व उपकरणांचे खाते घरमालकाच्याच नावे उघडावे. आमचा कारागीर स्वतःच्या खात्यावर काहीही जोडणार नाही आणि काम संपल्यावर त्याला दिलेला प्रवेश आपण त्याच्यासमोरच काढून टाकावा.

दुकानात येताना पुढील छायाचित्रे आणावीत : ज्या बोर्डांवर काम करायचे आहे ते समोरून, त्यांपैकी एखादे वायरमनकडून उघडून आतून, राऊटरच्या मागील बाजूची पट्टी आणि गिझर, एसी व मोटार यांवरील वॅट व अँपिअर लिहिलेली पाटी. एवढे हाती असले की आम्ही तेथेच बसून खर्चाचा अंदाज लिहून देतो. पहिल्या महिन्यात एका खोलीपुरतेच काम करून घ्यावे आणि घरातील ज्येष्ठांना ते सोयीचे वाटले, तरच पुढच्या खोलीचे सांगावे.