वारा चढवतो, वारा उतरवतो: न्यूस नदीकाठची तीन शतके

कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला तिथी सांगा, तो पाण्याची वेळ सांगेल. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या न्यूस नदीच्या खालच्या अंगाला हे गणित लावून पाहिले तर फसगत होते. तिथे पाण्यावर चंद्रापेक्षा वाऱ्याची हुकमत मोठी. ईशान्येचा वारा लागून राहिला की न्यू बर्न गावातले पाणी धक्क्याच्या फळ्यांकडे चढू लागते. पश्चिमेचा किंवा नैऋत्येचा वारा सुटला की तेच पाणी बाहेर ढकलले जाते आणि उथळ जागी बांधलेल्या होड्या चिखलात बसतात.

याचे कारण किनाऱ्याच्या रचनेत आहे. समोर अटलांटिक महासागर असला तरी मध्ये आउटर बँक्स नावाची वाळूच्या बेटांची लांबच लांब रांग आडवी पडली आहे. तिच्यातल्या फटी थोड्या आणि अरुंद. त्यामुळे आतल्या पॅम्लिको साउंड या विस्तीर्ण, उथळ जलाशयात समुद्राची भरती जेमतेम पोचते. हा जलाशय ईशान्य-नैऋत्य पसरला आहे आणि न्यूस त्याच्या नैऋत्य टोकाला येऊन मिळते. ईशान्येच्या वाऱ्याने लोटलेले सगळे पाणी मग याच कोपऱ्यात चढते.

नदी सुमारे ४४० किलोमीटर लांब, उगमापासून मुखापर्यंत एकाच राज्यात. डरहॅमजवळून निघून रॅले, गोल्ड्सबरो, किन्स्टन अशी येते तोवर ती अरुंद, तपकिरी, वळणावळणाची असते. न्यू बर्नला ट्रेंट नदी मिळाली की एकदम फुगते आणि मुखाशी दहाएक किलोमीटर रुंद होते. एवढ्या पसाऱ्याची सरासरी खोली मात्र तीन-चार मीटर. उथळ पाण्यावर वारा आला की लाटा आखूड, उभ्या आणि एकामागोमाग एक येतात. समुद्रातल्या लांब लाटांना सरावलेला खलाशीही इथे दमतो. तरीही मुखाजवळचे ओरिएंटल हे छोटे गाव शिडाच्या होड्यांसाठी राज्यभर ओळखले जाते. बाहेरून येणारा वारा इथे अडत नाही, आणि शिडाला तेच हवे असते.

नदीचे नाव न्यूसिओक या मूळ रहिवाशांवरून आले. नदीच्या वरच्या भागात टस्करोरा लोकांची गावे होती. १७१० मध्ये क्रिस्टोफ फॉन ग्राफेनरीड या स्विस सरदाराने जर्मन आणि स्विस निर्वासित आणून न्यू बर्न वसवले, तेही आधीपासून वस्ती असलेल्या जागेवर. पुढच्याच वर्षी तो आणि मोजणीदार जॉन लॉसन होडीने नदी वर कुठवर जाते ते पाहायला निघाले. टस्करोरांनी दोघांना पकडले, लॉसनला ठार केले, ग्राफेनरीडला सोडले. काही दिवसांतच युद्ध पेटले. १७१३ पर्यंत टस्करोरांचा कणा मोडला होता, आणि वाचलेल्यांपैकी बरेच जण उत्तरेला निघून गेले. नदीकाठची आजची गावे या विस्थापनावर उभी आहेत, हे सांगितल्याशिवाय तिचा इतिहास सांगता येत नाही.

पाण्याच्या लहरीचा सर्वांत महाग धडा यादवी युद्धात मिळाला. १८६२ च्या मार्चमध्ये उत्तरेच्या सैन्याने न्यू बर्न घेतले. ते परत मिळवायचे म्हणून दक्षिणेने वरच्या अंगाला, व्हाइटहॉल गावी, नदीच्याच नावाची चिलखती युद्धनौका बांधायला घेतली. लोखंड मिळेना, कारागीर मिळेनात. शेवटी किन्स्टनला तिच्यावर पत्रे चढवले, तोफा बसवल्या आणि १८६४ च्या एप्रिलमध्ये ती निघाली. जेमतेम अर्धा मैल गेली आणि वाळूच्या पट्टीवर रुतली. पाणी उतरले होते. ते पुन्हा चढेपर्यंत आठवडे गेले, आणि तोवर तिच्या मदतीला यायचे सैन्य दुसरीकडे हलले होते. १८६५ च्या मार्चमध्ये शत्रू जवळ आला तेव्हा तिच्याच लोकांनी तिला पेटवून दिले. जवळपास शंभर वर्षे ती नदीत पडून होती. १९६३ मध्ये सांगाडा वर काढून काठावर ठेवला, तर तिथेही पुराने गाठले. आता तो किन्स्टन शहरात, छपराखाली आहे.

ज्या किन्स्टनला तेव्हा पाणी पुरले नाही, तिथे पुढे ते आवरेना. १९९९ चे फ्लॉइड आणि २०१६ चे मॅथ्यू या दोन चक्रीवादळांच्या पावसाने नदीने तिथे पातळीचे विक्रम केले. मॅथ्यूच्या वेळी वादळ निघून गेले, आकाश निवळले, आणि जवळजवळ आठवड्याने, लख्ख उन्हात, पुराचा माथा किन्स्टनला पोचला. लिंकन सिटी ही तिथली कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती नव्वदच्या दशकातल्या पुरांनंतर सरकारी पैशाने विकत घेऊन रिकामी करण्यात आली. माणसे सुरक्षित जागी गेली हे खरे, पण शेजार तुटला तो तुटलाच.

न्यू बर्नवर पाणी उलट्या बाजूने येते. सप्टेंबर २०१८ मध्ये फ्लॉरेन्स वादळाच्या वाऱ्याने पॅम्लिकोचे पाणी नदीत कोंबले आणि गावात ते सुमारे दहा फूट चढले. शेकडो लोकांना होड्यांतून बाहेर काढावे लागले.

वारा पडला तरी धोका असतोच. वरून शेतांतली खते, वराहपालनाची घाण आणि शहरांचे सांडपाणी येते. त्यातल्या नायट्रोजनवर शेवाळ माजते. उन्हाळ्यात गोडे पाणी वर, जड खारे पाणी तळाशी असे थर बसतात. वारा नसला की ते मिसळत नाहीत आणि शेवाळ कुजून तळातला प्राणवायू संपतो. मग वारा फिरला की ते मेलेले पाणी काठाकडे उचलले जाते आणि मासे सापळ्यात सापडावेत तसे मरतात. १९९५ मध्ये मेनहेडन माशांचा असाच मोठा संहार झाला. त्यानंतर राज्याने नायट्रोजन ३० टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य ठरवले आणि प्रवाहांच्या दोन्ही काठांवर ५० फुटांचा झाडीचा पट्टा राखण्याचा नियम केला. हा नियम बांधकामवाल्यांना जाचतो, पण माझ्या मते नदीसाठी झालेले सर्वांत शहाणे काम तेच आहे.

दुसरे चांगले काम बंधारे काढण्याचे. गोल्ड्सबरोजवळचा १९५२ चा क्वेकर नेक बंधारा १९९८ पर्यंत पाडला गेला, २०१७ मध्ये रॅलेजवळचा मिलबर्नीही गेला. समुद्रातून अंडी घालायला वर येणाऱ्या शॅड माशांना आता थेट फॉल्स धरणाच्या पायथ्यापर्यंत वाट मोकळी आहे. त्या धरणामागचे पाणी रॅले शहर पिते, म्हणजे तिथल्या मराठी घरांतल्या वरणभातालाही न्यूसचेच पाणी. मोठ्या पावसात धरण पूर अडवून धरते आणि नंतर कितीतरी दिवस थोडे थोडे सोडत राहते. म्हणून खाली होडी घालणारा माणूस आकाश बघतो, वारा बघतो, आणि फॉल्समधून आज किती सोडले तेही बघतो.