बायबलची ग्रंथसूची, वगळलेले ग्रंथ आणि भाषांतरांचा वाद

बायबल हा अनेक ग्रंथांचा संग्रह आहे आणि त्यात नेमके कोणते ग्रंथ असावेत याविषयी ख्रिस्ती पंथांचे आजही एकमत नाही. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ ग्रंथ आहेत, रोमन कॅथलिक बायबलात ७३. ग्रीक ऑर्थोडॉक्स परंपरेत त्याहून काही अधिक आहेत, तर इथिओपियातील प्राचीन चर्च परंपरेने ८१ ग्रंथ मानते. म्हणून एखादा ग्रंथ ‘वगळला’ असे कोणी म्हटले, तर तो कोणी, कुठे आणि केव्हा वगळला हे आधी विचारावे लागते. हनोखाचा ग्रंथ हे जुने यहुदी लिखाण लंडनमध्ये किंवा रोममध्ये प्रमाणबाह्य ठरतो. इथिओपियात तो पवित्र शास्त्राचा भाग आहे. नव्या करारातील, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागातील, यहूदाच्या पत्रात तर हनोखाचे वचन उघडपणे उद्धृत केलेले आहे.

सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली निकेआच्या परिषदेत बिशपांना बसवून बायबलची यादी ठरवली आणि नको ती शुभवर्तमाने (येशूच्या जीवनाचे व शिकवणीचे ग्रंथ) बाहेर काढली, ही समजूत फार पसरलेली आहे. ती खरी नाही. ती परिषद येशूच्या देवत्वाविषयीच्या एरियसच्या मतावर भरली होती आणि तिचे जे वीस नियम आज उपलब्ध आहेत त्यांत ग्रंथसूचीचा विषयच येत नाही. यादी त्यापूर्वी बराच काळ घडत होती आणि नंतरही घडत राहिली. इ. स. १४४ च्या सुमारास मार्सियन या ख्रिस्ती शिक्षकाने जुना करार, म्हणजे यहुद्यांकडून आलेले शास्त्र, पूर्ण बाजूला सारला आणि काटछाट केलेले लूकचे शुभवर्तमान व पौलाची दहा पत्रे एवढेच प्रमाण मानले. आपले ग्रंथ कोणते हे स्पष्ट करण्याची निकड इतरांना वाटू लागली, त्यामागे हे एक मोठे कारण होते. १८० च्या सुमारास बिशप इरेनेयसने चारच शुभवर्तमानांचा आग्रह धरला. आजच्या नव्या करारातील २७ ग्रंथ जसेच्या तसे मोजणारी सर्वांत जुनी उपलब्ध यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात आहे.

दरम्यानच्या काळात निर्णय कसे होत, याचे चांगले उदाहरण अंत्युखियाचा बिशप सेरापियन याचे आहे. इ. स. २०० च्या सुमारास जवळच्या एका मंडळीत पेत्राच्या नावाचे शुभवर्तमान वाचले जात होते. सेरापियनने आधी त्याला हरकत घेतली नाही. पुढे त्याने ते स्वतः वाचले, काही मजकूर त्याला शिकवणुकीशी विसंगत वाटला आणि त्याने परवानगी मागे घेतली. हर्मासच्या ‘मेंढपाळ’ या ग्रंथाची गोष्ट निराळी. तो लोकप्रिय होता आणि चौथ्या शतकातील सिनाई हस्तलिखितात तो नव्या कराराच्या शेवटी बांधलेला आहे. तरी दुसऱ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या एका यादीत म्हटले आहे की तो खासगीत वाचावा, उपासनेत नाही, कारण तो अलीकडे लिहिला गेला. प्रेषितांशी संबंध, काळ, शिकवण आणि मंडळ्यांतील वापर या कसोट्या अशा हळूहळू रूढ झाल्या. त्या निर्दोष होत्या असे नाही. इब्रीकरांस पत्र कोणी लिहिले याची खात्री प्राचीनांनाही नव्हती, तरी ते आत आले.

जुन्या कराराचा वाद वेगळा आहे आणि त्याचे मूळच एका भाषांतरात आहे. इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियातील यहुद्यांनी आपले शास्त्र ग्रीकमध्ये आणले. त्याला सेप्टुआजिंट म्हणतात. या ग्रीक संग्रहात तोबीत, यहुदीथ, प्रज्ञाग्रंथ, बेन सीरा, बारूख आणि मक्काबींचे ग्रंथ होते. हिब्रू संग्रहात ते नव्हते. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांचे बायबल ग्रीक असल्याने हे ग्रंथ त्यांच्याकडे आपोआप आले. चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने हिब्रूत नसलेल्या ग्रंथांना दुय्यम मानले. त्याचा समकालीन बिशप ऑगस्टीन याला ते मान्य नव्हते. मार्टिन ल्यूथरने १५३४ च्या जर्मन बायबलात ते वेगळ्या विभागात छापले: शास्त्राच्या बरोबरीचे नव्हेत, पण वाचायला उपयुक्त. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात मृतांसाठी प्रार्थनेचा उल्लेख आहे आणि तो मुद्दा ऐन वादाचा होता, हेही विसरू नये. रोमन कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी हे ग्रंथ पूर्ण प्रमाण असल्याचे जाहीर केले. १६११ च्या इंग्रजी राजाश्रयी भाषांतरातसुद्धा ते छापलेले होते. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने १८२६ मध्ये ते छापण्यासाठी पैसा न देण्याचे ठरवले आणि प्रॉटेस्टंट प्रतींतून ते जवळजवळ नाहीसे झाले.

हिब्रू मूळ नाही, हा या ग्रंथांविरुद्धचा जुना आक्षेप आता पूर्वीइतका टिकत नाही. कैरोच्या सभास्थानातील जुन्या कागदांत १८९६ मध्ये बेन सीराच्या हिब्रू मजकुराचे पान ओळखले गेले आणि मृत समुद्राजवळच्या कुमरान येथे तोबीताचे अरामी व हिब्रू तुकडे मिळाले.

भाषांतरावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न सामान्य भाविकाला किती झोंबतो हे ऑगस्टीनने जेरोमला लिहिलेल्या पत्रातून दिसते. आजच्या लिबियातील ओएआ गावी एका बिशपने जेरोमचे नवे भाषांतर वाचले. योना संदेष्ट्यावर सावली धरणारी वनस्पती लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या भोपळ्याची वेल म्हणून ऐकली होती. जेरोमने तिचे नाव बदलून दुसरीच वेल लिहिली होती. सभेत गोंधळ झाला, स्थानिक यहुद्यांना विचारले गेले, त्यांनी जुन्या पाठाची बाजू घेतली आणि मंडळी गमावू नये म्हणून बिशपला माघार घ्यावी लागली. आज बहुतेक अभ्यासक ते झाड एरंड असावे असे मानतात. म्हणजे दोन्ही लॅटिन पाठ चुकलेले होते. गंभीर वादही याच जातीचे आहेत. यशया ७:१४ मधील हिब्रू शब्दाचा अर्थ तरुण स्त्री, ग्रीक भाषांतरात तो कुमारी झाला आणि मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माविषयी तो ग्रीक पाठ घेतला. १९५२ च्या एका इंग्रजी आवृत्तीने ‘तरुण स्त्री’ छापले, तेव्हा अमेरिकेत एका पाळकाने ते पान जाळले.

आजचे बायबल भाषांतरांच्या भाषांतरांतून उतरत आले आहे, हा आक्षेप मात्र चुकीचा आहे. प्रमुख आधुनिक आवृत्त्या हिब्रू, अरामी आणि ग्रीक पाठांवरून केलेल्या आहेत. कुमरान येथे १९४७ मध्ये मिळालेली यशयाची गुंडाळी त्यापूर्वी हाती असलेल्या पूर्ण हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी आहे. तिच्यात पाठभेद पुष्कळ आहेत, पण ग्रंथ ओळखीचाच आहे. उलट, भर पडल्याची उदाहरणेही लपलेली नाहीत. मार्काचा शेवट (१६:९–२०) आणि व्यभिचारात सापडलेल्या स्त्रीची कथा सर्वांत जुन्या ग्रीक प्रतींत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातील त्रैक्याचे (पिता, पुत्र व पवित्र आत्मा एकच, असे) स्पष्ट वाक्य ग्रीक नव्या कराराचा संपादक इरॅस्मस याने १५१६ व १५१९ च्या आवृत्त्यांत घेतले नव्हते. दबावानंतर १५२२ मध्ये घेतले. आजच्या बहुतेक आवृत्त्या ते तळटीपेत ठेवतात, आणि तेच योग्य आहे.

इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ १९४५ मध्ये तेरा कॉप्टिक पोथ्या सापडल्या. त्यांतील थोमाच्या शुभवर्तमानात येशूची ११४ वचने आहेत. वधस्तंभाची कथा नाही. काही वचने जुनी असू शकतात, म्हणून त्याचा अभ्यास महत्त्वाचा आहे. पण तेथील बहुतेक ग्रंथ दुसऱ्या शतकातील किंवा त्यानंतरच्या गूढवादी पंथांचे आहेत. येशूचे दडवलेले चरित्र त्यांत शोधणाऱ्याची निराशा होते. त्या पंथांची श्रद्धा जाणून घेणाऱ्याला मात्र ते अमूल्य आहेत.

मराठीत या प्रश्नांना स्वतःचा इतिहास आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ हे भाषांतर नाही. ते ओवीबद्ध पुनर्कथन आहे. थेट भाषांतर बंगालमधील श्रीरामपूरला (सेरामपूर) मिशनरी विल्यम कॅरी यांच्या हाताखाली सुरू झाले आणि नवा करार १८११ मध्ये निघाला. प्रचलित मराठी बायबलात हिंदू तत्त्वज्ञानाचा रंग असलेले संस्कृत शब्द आहेत, असा आक्षेप पंडिता रमाबाईंनी घेतला. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधील बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत त्यांनी सबंध बायबल उतरवले. १९२२ मध्ये त्या वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ भाषांतून सबंध बायबलाचे भाषांतर एका स्त्रीने एकहाती केल्याची उदाहरणे जगात फार थोडी आहेत, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या कामाला मिळालेली जागा त्या मानाने फारच लहान आहे.