चंद्र 'ग्रह' होता तेव्हा

मराठी पंचांगातली कुंडली उघडून पाहा. घराघरांत र, चं, मं, बु, गु, शु, श, रा, के ही अक्षरं दिसतील आणि पुष्कळदा त्यांच्या जोडीला ह, ने, प्लु. पहिली नऊ पूर्वापार चालत आलेली, शेवटची तीन दुर्बिणीनंतरची. 'ह' म्हणजे हर्षल. विल्यम हर्शेल यांनी १७८१ साली युरेनस शोधला आणि आपल्याकडे त्या ग्रहाला शोधणाऱ्याचंच नाव चिकटलं.

या यादीत सूर्य-चंद्र आहेत, पृथ्वी मात्र नाही. 'ग्रह्' म्हणजे धरणं. ग्रहण, आग्रह, संग्रह हे सगळे त्याच धातूचे. माणसाला धरतो तो ग्रह, अशी ती समजूत. पायाखालची जमीन त्यात कशी बसणार? राहू-केतू मात्र बसले, आणि ते तर डोळ्यांना दिसतही नाहीत. चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला जिथे छेदतो ते हे दोन बिंदू, म्हणजे पात. ग्रहणं त्यांच्याच आसपास होतात. नुसत्या गणितातल्या बिंदूंना ग्रहांच्या पंगतीत बसवणं ही मला फार मोठी झेप वाटते.

'कक्षा' हा शब्दही पाठ्यपुस्तकासाठी घडवलेला नाही. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात चंद्राची कक्षा ३,२४,००० योजनं दिली आहे. वर्तुळाच्या कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) २१,६००, चंद्रकक्षेवर एक कला १५ योजनांची, गुणून पाहा. सगळे ग्रह दिवसाला सारखंच अंतर कापतात असं त्यात धरलं होतं, म्हणून ज्याची फेरी लांबते त्याची कक्षा मोठी. शनैश्चर, म्हणजे सावकाश चालणारा शनी, त्यामुळे सर्वांत बाहेर गेला. गृहीतक चुकलं, तरी मंगळ, गुरू, शनी हा क्रम अचूक आला.

चंद्र पृथ्वीपासून सर्वांत दूर असतो त्या बिंदूला आज आपण अपभू म्हणतो. तिथे अंतर सुमारे ४,०५,००० किलोमीटर, तर उपभूपाशी, म्हणजे सर्वांत जवळच्या बिंदूपाशी, ३,६३,०००. जुना शब्द होता मंदोच्च. दूर गेला की चाल मंदावते, हे त्या एका शब्दातच आलं. ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे केप्लरनं मांडलं ते १६०९ मध्ये. त्याआधी, १५२० मध्ये, कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ग्रहलाघव लिहून 'ज्या'च्या (साइनच्या) कोष्टकांशिवाय ग्रहांची स्थानं काढायची रीत दिली. पुढे कित्येक पिढ्या मराठी पंचांगं त्यावरच चालली.

'उपग्रह' शब्द जुनाच, अर्थ मात्र पार वेगळा. ज्योतिषात धूम, परिवेष, इंद्रचाप अशा गणिताने काढलेल्या बिंदूंना तो लावत. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओला गुरूभोवती फिरणारे चार चंद्र दिसले. ग्रहाभोवती फिरणाऱ्या अशा गोलांना पुढे मराठीत हाच शब्द मिळाला आणि नवग्रहांतला आपला चंद्रही उपग्रह झाला. १९५७ च्या स्पुटनिकनंतर त्याला 'कृत्रिम' हे विशेषणही जोडलं गेलं. ऑगस्ट २००६ मध्ये प्राग इथे खगोलशास्त्रज्ञांच्या बैठकीत प्लुटो बटुग्रह ठरला. कुंडलीतला 'प्लु' मात्र अजून जागचा हललेला नाही.