ओवी, अभंग आणि येशू : मराठी ख्रिस्ती लेखनाची पार्श्वभूमी

'फुलामुलांचे कवी' म्हणून रेव्हरंड ना. वा. टिळक शाळेतच भेटतात. जखमी पक्षिणीवरची त्यांची कविता अनेकांना तोंडपाठ असते. नावामागच्या 'रेव्हरंड'कडे मात्र फारसे कुणी थांबून पाहत नाही. त्या एका उपाधीमागे मराठी लेखनाचा तीनशे वर्षांचा प्रवास आहे.

त्याची सुरुवात गोव्यात होते. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पंथाचा इंग्रज धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आला आणि पुढचे सारे आयुष्य त्याने तिथेच काढले. बायबलमधली कथा सांगायला त्याने पुराणाचा साचा घेतला, ओवी घेतली आणि स्वर्गाला बिनदिक्कत वैकुंठ म्हटले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्याचे 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये राशोलला रोमन लिपीत छापले गेले. त्यातली मराठीच्या थोरवीची ओवी भाषणांतून हमखास ऐकू येते. तिच्यापुढची पाने उलटणारे थोडेच. पुढे 1684 च्या पोर्तुगीज फर्मानाने स्थानिक भाषेवरच बंदी आली आणि ही वाट गोव्यात खुंटली.

एकोणिसाव्या शतकात ती ब्रिटिश अमलाखालच्या महाराष्ट्रात, मिशनरी शाळा आणि छापखान्यांतून पुन्हा सुरू झाली. अहमदनगरला 1842 मध्ये 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक निघाले. बाबा पदमनजींनी 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि 1857 मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. विधवाविवाहाचा कायदा नुकताच, 1856 मध्ये झाला होता. यमुना आणि तिचा नवरा गावोगाव हिंडतात आणि विधवांच्या कहाण्या ऐकतात. पदमनजी प्रचारासाठी लिहीत होते, यात लपवण्यासारखे काही नाही. कादंबरीचा शेवटही त्याच दिशेला जातो. पण ती आज वाचावीशी वाटते ती उपदेशामुळे नव्हे, तर त्या बायकांच्या बोलण्यामुळे. कुणाचे ऐकायचे हे श्रद्धेने ठरवले, तिथे लेखकाला काहीतरी गवसले. काय पटवायचे हे ठरवले, तिथे पान कोरडे पडले. पुढच्या लेखकांनाही मी हीच फूटपट्टी लावतो.

टिळक (1861–1919) मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, चित्पावन घरातले, संस्कृतात मुरलेले. आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना पकडले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. इतकी मोठी उलथापालथ होऊनही टिळकांनी तुकाराम सोडला नाही. तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत.

तेव्हा देवळांत, म्हणजे चर्चमध्ये, परक्या चालींवर बसवलेली भाषांतरित गीते म्हटली जात. नगरच्या ख्रिस्ती मंडळींत कृष्णाजी सांगळ्यांनी कीर्तनाची वाट आधीच धरली होती. टिळकांनी तिला खऱ्या कवीचा आवाज दिला. 'अभंगांजली'त नाममुद्रा आली ती 'दास' अशी. येशूला माउली म्हणून हाक मारणे हा त्यांच्या लेखी डावपेच नव्हता. देवाशी बोलायची दुसरी भाषा त्यांना येतच नव्हती. शेवटी मिशनचा पगारही त्यांना अडसर वाटू लागला. तो सोडून 1917 मध्ये त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. मिशनऱ्यांच्या भुवया उंचावल्या असतील तर नवल नाही.

'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या हातून अपुरेच राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले, पण ग्रंथ छापून निघाला 1938 मध्ये, त्यांच्याही मृत्यूनंतर दोन वर्षांनी. टिळक दांपत्याची सर्वांत मोठी ठेव मात्र मला ते काव्य वाटत नाही. ती 'स्मृतिचित्रे'. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने लिहिलेले हे आत्मचरित्र 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. धर्मांतराबद्दल त्यात फारसा युक्तिवाद नाही. जातिभेद देवाने केला नाही, हे लक्ष्मीबाईंना बाप्तिस्म्याच्या आधीच, स्वतःच्या विचाराने पटले होते; 1900 च्या सुमारास झालेला बाप्तिस्मा त्या विचाराच्या ओघात आला. पुढची पाने माणसांनी गजबजलेली आहेत: घरात आणलेली अनाथ मुले, प्लेगचे दिवस, मुक्कामाला येऊन राहिलेला बालकवी ठोंबरे, आणि खिशात पैसा न टिकणारा नवरा. त्या नवऱ्याला लक्ष्मीबाई हसतात, त्याच्यावर चिडतात, पण त्याच्या देवाला कुठे ढालीसारखे पुढे करत नाहीत. प्रवचनाने जे साधले नसते ते या विनोदी, निर्मळ नजरेने साधले. ख्रिस्ती नसलेल्या घरांतही हे पुस्तक आपलेच म्हणून वाचले गेले.

पुढचा दुवा वसईचा, आणि तो कॅथलिक. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुवार्ता' मासिक चालवले, वसईची हिरवाई राखण्याच्या 'हरित वसई' लढ्यात ते उभे राहिले, 'सुबोध बायबल' लिहिले. उस्मानाबादच्या 93व्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद 2020 मध्ये त्यांच्याकडे आले, तेव्हा एका धर्मगुरूच्या निवडीवर आक्षेप घेणारेही निघाले. आक्षेप त्यांच्या झग्यावर होता. त्यांची पुस्तके चर्चेत क्वचितच आली.